ओटीपी कोणाच्या फोनवर?

लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये जुलै २०२४पासून लागू झाले, तेव्हा गावोगावी कितीतरी अर्ज अंगणवाडी सेविकांनीच भरून दिले. सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. आधी बाईच्या आधारवर ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या.

कापूस वेचणीच्या दिवसांत मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात बसून पाहिलं, तर पहिल्या ओटीपीलाच गाडं अडत होतं.

"आधारला कोणता नंबर जोडला, मावशी?"

"थो लेकाजवळ हाय. थो पुण्याले कंपनीत."

लेक ड्यूटीवर. त्याचा उलटा फोन येईस्तोवर ओटीपीची मुदत सरलेली. केंद्रावरच्या पोरानं तिच्याच आधारच्या झेरॉक्सवर मागं लिहून दिलं: 'नंबर लेकाचा. रात्री आठनंतर.' नंबर बदलायचा तर तेव्हा आधार केंद्र गाठून ७५ रुपये भरावे आणि अंगठा द्यावा लागे. कापूस वेचून बोंडाच्या टोकांनी सोललेल्या बोटांचा ठसा मशीन सहजी घेत नाही. शेजारच्या टेबलावर आधारवरून पैसे काढणारी एक आजी तोच अंगठा दाबत राहिली होती. दहापैकी कोणतंही बोट चालतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पोरानं ओल्या फडक्यानं तिची बोटं पुसली, करंगळीशेजारचं बोट टेकवलं आणि पैसे निघाले.

दुसऱ्या ओटीपीत विधवा अडकल्या. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या मुलखात नवराही नाही आणि बापही नाही, अशी बाई येणारच, हे पहिल्या दिवशीच ध्यानात यायला हवं होतं. केवायसीची १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, तेव्हा कुठे सोय झाली: स्वतःची केवायसी करा आणि मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्या. म्हणजे शेवटी भिस्त सेविकेवरच. मेळघाटातल्या हरिसालला २०१६मध्ये डिजिटल गाव केलं, तेव्हा बोलबाला इंटरनेटचा झाला. इंटरनेट हवंच, पण कोणाचा नवरा गेला, कोणाला टाकलं, हे सेविकेलाच ठाऊक असतं. तिचं हे काम मानधनात मोजलं जायला हवं.

एका सेविकेसमोर बसलेल्या बाईच्या दाखल्यावर नवऱ्याच्या नावात एका वेलांटीचा फरक निघाला. सेविकेनं दाखला आणि आधार, दोन्हींच्या झेरॉक्स एकत्र जोडल्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख टाकून, सही करून ती बाईला दिली.

"काकू, पैसे नाई आले तं हाच कागद घेऊन या. नवीन झेरॉक्स काढू नका."