लोहचुंबकाला न सापडणारे चुंबकत्व

पदार्थ तापला की प्रसरण पावतो, हे आपण लहान वर्गापासून शिकत आलो आहोत. पण तो का प्रसरण पावतो? आणि त्या प्रसरणात चुंबकत्वानेही हात घातला तर काय होते?

घन पदार्थात अणू कवायतीच्या रांगांसारखे ठराविक अंतरावर उभे असतात. या मांडणीला स्फटिकजालक म्हणतात. प्रत्येक अणू आपल्या जागी सतत थरथरत असतो. शेजारच्या अणूंशी तो जणू स्प्रिंगने जोडलेला असतो. ही स्प्रिंग मात्र दोन्ही बाजूंना सारखी नसते. दोन अणूंना जवळ दाबणे फार कठीण, पण दूर ओढणे त्या मानाने सोपे. म्हणून तापमान वाढून थरथर वाढली की अणूंमधले सरासरी अंतर थोडे वाढते. हेच औष्णिक प्रसरण.

हे ‘थोडे’ किती महाग पडते ते पाहा. पोलादाची १ मीटरची पट्टी १० अंश सेल्सियसने तापली तर सुमारे ०.१२ मिलिमीटर वाढते. पण नकाशासाठी १० किलोमीटरची आधाररेषा अशा पट्टीने मोजली, तर तेवढ्याच तापमानबदलाने १.२ मीटरचा फरक पडतो! म्हणूनच जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३४-३५ मध्ये डेहराडूनजवळची आधाररेषा मोजताना लोखंड व पितळ यांच्या खास जोडपट्ट्या वापरल्या. दोन धातूंच्या प्रसरणातल्या फरकाचा उपयोग करून पट्टीवरच्या खुणांमधले अंतर कायम ठेवले जाई.

पुढे १८९६ मध्ये पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेत शार्ल गियोम यांना एक चमत्कारिक मिश्रधातू सापडला. ६४ टक्के लोखंड आणि ३६ टक्के निकेल. तो तापवला तरी पोलादाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकाच वाढतो. त्याचे नाव इन्व्हार, म्हणजे न बदलणारा. १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गियोम यांना मिळाले.

इन्व्हार का वाढत नाही? याचे मूळ चुंबकत्वात आहे. लोखंडाचा प्रत्येक अणू एका इवल्या चुंबकासारखा असतो. इन्व्हारमध्ये हे इवले चुंबक एका दिशेला वळले की अणू एकमेकांपासून किंचित दूर सरकतात आणि पदार्थ थोडा फुगतो. तापवल्यावर दोन गोष्टी एकदम घडतात. थरथर वाढते, म्हणून पदार्थ वाढू पाहतो. पण चुंबकांची शिस्तही ढासळू लागते, म्हणून तो फुगवटा उतरतो. एक वाढवतो, दुसरा घटवतो, आणि लांबी जवळजवळ तेवढीच राहते. साधारण २०० अंशांच्या पुढे उतरण्यासारखा फुगवटा फारसा उरत नाही आणि इन्व्हारही इतर धातूंसारखा वाढू लागतो.

आता वळू या थरांच्या पदार्थांकडे. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचे थर चिकटपट्टीने सोलून निघतात, कारण थराच्या आत अणूंची पकड घट्ट असते, पण थराथरांमध्ये ती सैल असते. आयर्न फॉस्फरस ट्रायसल्फाइड हा असाच पदार्थ आहे, आणि त्यात लोखंडाचे अणू आहेत. सुमारे उणे १५५ अंशांच्या वर त्याचे इवले चुंबक कुठेही तोंड करून उभे असतात. त्याखाली शिस्त लागते, पण वेगळीच. लोहअणूंच्या एका नागमोडी रांगेला जणू ‘दाहिने मुड’ आणि पुढच्या रांगेला ‘बाएँ मुड’ अशी आज्ञा मिळते. विरुद्ध दिशांची बेरीज शून्य होते. त्यामुळे बाहेरून साधे लोहचुंबक जवळ नेऊन आतली शिस्त कळत नाही. त्यातून नमुना एकाच थराचा असेल, तर मोजणार कसे?

उत्तर आहे, थरथर ऐकून. शेजारच्या दोन चुंबकांचा एकमेकांवरचा प्रभाव त्यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असतो. म्हणून चुंबकांना शिस्त लागली की अणूंमधल्या ‘स्प्रिंगां’चा ताठपणाही थोडा बदलतो. शिवाय आता एकाऐवजी दोन रांगांनंतर तोच नमुना पुन्हा येतो, आणि त्यामुळे कंपनांच्या नोंदीत नव्या खुणा उमटतात. त्या दिसतात रामन परिणामामुळे. सर सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधल्या ज्या शोधासाठी आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, तोच हा परिणाम. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी याच पद्धतीने दाखवले की या पदार्थाचा एकच थर उरला तरी ही शिस्त टिकते.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी तर याचा ढोलच केला. काही मायक्रोमीटर रुंदीच्या खळग्यावर अतिशय पातळ पापुद्रा ठेवून त्यांनी तो लेझरने कंप पावायला लावला. आपल्याकडे हलगी वाजवण्याआधी शेकोटीवर शेकतात. कातड्यातला ओलावा जातो, ते ताणले जाते आणि आवाज चढतो. इथे ताण येतो थंडीमुळे. कडेला धरून ठेवलेला पापुद्रा आकसू पाहतो, ताणला जातो आणि त्याच्या कंपनांची वारंवारता वाढते. पण ती एकसारखी वाढत नाही. चुंबकांना शिस्त लागते त्या तापमानाजवळ तिच्या वाढीचा वेग बदलतो, कारण तिथे पदार्थाचे आकसणेच बदललेले असते. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या पुस्तकात उष्णता एका धड्यात येते, ध्वनी दुसऱ्या आणि चुंबकत्व तिसऱ्या. या पापुद्र्यात मात्र तिन्ही धडे एकाच वेळी चालू असतात. पुढच्या वेळी रुळांमधली फट दिसली, तर तिच्यामागच्या अणूंच्या थरथरीची आठवण जरूर ठेवा.