काळ्या कानाचं पिल्लू

नानांच्या राणीला नऊ पिल्लं झाली त्या सकाळी अर्धी गल्ली बघायला जमली, आणि बघणाऱ्यांची जरा निराशाच झाली. राणी डाल्मेशियन. पिल्लांचा बाप मिरजेचा, तोही अंगभर काळ्या ठिपक्यांचा. आणि गोणपाटावर वळवळत होते ते आठ पांढरेशुभ्र गोळे, एकावरही ठिपका नाही. नववं तेवढं वेगळं. त्याचा डावा कान डांबरात बुडवून काढल्यासारखा काळाभोर. “आठांचा रंग धुतला गेलाय आणि एकावर सांडलाय,” वहिनी म्हणाल्या.

डाल्मेशियनची पिल्लं पांढरीच जन्मतात. दहा-बारा दिवस झाले की पोटाच्या गुलाबी कातडीवर राखाडी सावल्या दिसू लागतात, मग त्या जागचे केस काळे येतात, आणि पुढचे कित्येक आठवडे रोज उठून नवा ठिपका मोजता येतो. आम्ही मोजलेही. पाचव्या आठवड्यात आठही पिल्लं कॅलेंडरवरच्या फोटोसारखी दिसू लागली होती.

सहाव्या आठवड्यात गिऱ्हाइकं आली. त्यांच्याबरोबर डॉग शोची माहिती असलेले एक गृहस्थ होते. त्यांनी एकेक पिल्लू मानेखाली हात घालून उचललं, दात पाहिले, शेपूट पाहिली. काळ्या कानाचं पिल्लू मात्र हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. “पॅच आहे. शोला चालत नाही. निम्म्यात द्या कुणाला तरी.” दोन पिल्लांचे डोळे निळे होते. आपण मांजरडोळ्यांच्या माणसाला घारा म्हणतो, त्याच्याही पलीकडचे, आभाळासारखे. ती दोन सगळ्यांत आधी गेली.

महिन्याभरानं त्यांतली एक पिल्ली परत आली. नेणाऱ्यांची तक्रार अशी, की ही फार हट्टी आहे, हाक मारली तर ढुंकून बघत नाही. वहिनींनी तिला स्वयंपाकघरात गोणपाटावर निजवलं आणि डाळीचा कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. राणी अंगणातून उठून आत आली. ओट्यापासून चार हातांवर निजलेल्या पिल्लीचा कानही हलला नाही. वहिनी गॅस बंद करून एवढंच म्हणाल्या, “हट्टी कसली, बहिरी आहे ती.”

जाणकारानं बाजूला ठेवलेलं काळ्या कानाचं पिल्लू मात्र फ्रिजचं दार उघडल्याचा आवाजही तीन खोल्यांपलीकडून ओळखत होतं. हा नुसता योगायोग नाही, आणि तेच सांगण्यासाठी ही सगळी कथा.

कुत्र्याच्या अंगावर एवढे रंग दिसतात, पण मूळ रंगद्रव्यं दोनच. एक काळं, एक पिवळसर-तांबूस. गावाकडं कुत्र्याचं नाव ठेवताना आपण याचीच नोंद करत आलोय: काळू, तांबू, दोन्ही रंगांचे पट्टे असले की वाघ्या. बाकी सगळी जनुकांची फिरवाफिरव. लॅब्राडॉर घ्या. काळा लॅब्राडॉर मूळ रंगाचा. एका जनुकातल्या बदलानं काळं द्रव्य नीट पिकत नाही, तपकिरीच राहतं, तो चॉकलेटी. दुसऱ्या जनुकातल्या बदलानं केसांत काळं द्रव्य बनायचा निरोपच पोचत नाही, तो पिवळा. म्हणून एकाच वेतात तिन्ही रंगांची पिल्लं निघू शकतात, आणि त्यावरून आईच्या चारित्र्यावर शंका घेऊ नये. पिवळ्या लॅब्राडॉरचं नाक पाहा, काळं असतं. नाकाच्या कातडीत निरोपाचा हा अडथळा चालत नाही.

पांढऱ्याची गोष्ट निराळी आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरोघरी असायचा तो पांढरा पॉमेरेनियन आठवा. नाक काळं, डोळे काळे, कान इतके तिखट की पोस्टमन कोपऱ्यावर असतानाच भुंकायला सुरुवात. त्याच्या अंगात रंग बनवणाऱ्या पेशी जागच्या जागी असतात, फक्त अगदी फिकं द्रव्य बनवतात. डाल्मेशियनच्या पांढऱ्या भागात त्या पेशीच नसतात. एकाच्या दुकानात फिका माल, दुसऱ्याचं दुकानच उघडलेलं नाही.

या रंगपेशी जिथं दिसतात तिथं तयार होत नाहीत. गर्भाच्या पाठीच्या कण्यालगत त्या जन्मतात आणि तिथून पाठीवरून पोटाकडं, डोक्याकडं, पायांकडं चालत निघतात. वाटेत वाढतात, दुप्पट होतात. कमी निघाल्या किंवा वाटेत मेल्या, तर सगळ्यांत लांबची ठिकाणं कोरी राहतात: पायाची बोटं, छाती, नाकाच्या वरची रेघ, शेपटीचं टोक. गल्लीतल्या कुठल्याही बांड्या कुत्र्याकडं बघा, पांढरं याच जागी सापडेल. डाल्मेशियनमध्ये एमआयटीएफ नावाच्या जनुकाशी जोडलेल्या बदलामुळं ही फौज फारच तोकडी पडते आणि जवळजवळ सगळं अंग कोरं राहतं. ठिपके हा त्यावरचा दुसरा हात. कोऱ्या कातडीत नंतर ठिकठिकाणी रंग उगवतो, तो वेगळ्या जनुकांमुळं. त्यांतल्या एकाचा ठावठिकाणा २०२१ मध्ये लागला. आणि पॅच, म्हणजे त्या पिल्लाचा काळा कान, हा मोठा ठिपका नव्हेच. मूळ फौजेतली एक तुकडी तिथवर पोचली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच पॅच जन्मतःच दिसतो आणि ठिपके मागाहून येतात.

ही तुकडी केवळ कातडी रंगवून थांबत नाही. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक वळणदार भाग असतो. त्यात एक द्रव भरलेला असतो आणि ऐकण्यासाठी त्या द्रवात पोटॅशियमचं प्रमाण भरपूर लागतं. ते राखणाऱ्या पडद्यात रंगपेशींचा एक थर असतो. इथं रंगाचा काही उपयोग नाही, तिथल्या काळोखात पाहणार कोण? पण त्या पेशी नसतील तर पडदा सुकतो, त्याची रक्तवाहिन्यांची जाळी आक्रसते आणि ध्वनी टिपणाऱ्या नाजूक केसपेशी मरतात. कुत्र्याच्या पिल्लाचे कान साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. ही पडझड होते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. अंगावर ठिपके उमटताना आम्ही कौतुकानं मोजत होतो, त्याच दिवसांत आतमध्ये हा कान विझत होता.

निळा डोळा हीही बहुधा त्याच फौजेची गैरहजेरी. निळ्या डोळ्यात निळा रंग नसतोच. बुबुळात रंगद्रव्य नसलं की प्रकाश विखुरतो आणि आभाळासारखाच निळा दिसतो. (सायबेरियन हस्कीच्या निळ्या डोळ्यांना हा नियम लावू नये. सहा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हस्कीचा निळा डोळा एएलएक्स ४ या जनुकाजवळच्या, गुणसूत्रातल्या दुबार झालेल्या तुकड्याशी जोडलेला निघाला. हस्की ऐकतो उत्तम. महाराष्ट्रातल्या मे महिन्यात त्याचं जे होतं तो वेगळा लेख.)

अमेरिकेतल्या तपासण्यांत दर शंभर डाल्मेशियनमागं सुमारे ८ दोन्ही कानांनी आणि २२ एका कानानं बहिरे आढळले. ब्रिटनमध्ये दोन्ही मिळून आकडा १८च्या आसपास. तपासणी सोपी आहे: पिल्लू पाच आठवड्यांचं झालं की कानात टकटक आवाज सोडायचा आणि डोक्यावर लावलेल्या बारीक तारांनी मेंदूपर्यंत काही पोचतंय का ते पाहायचं. कुकरच्या शिट्टीनं एका कानाचा बहिरेपणा कळत नाही. याच तपासण्यांतून दोन गोष्टी पुन्हापुन्हा दिसल्या. निळ्या डोळ्यांची पिल्लं बहिरी असण्याचा संभव जास्त, आणि पॅच असलेल्यांचा कमी.

आता ब्रीड स्टँडर्डकडं वळू. ही मानकं काही फार जुनी नाहीत. १८५९ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला, आणि मग प्रत्येक जातीचा आदर्श कागदावर आला. शिकारी किंवा राखणदार कुत्रा पूर्वी कामावरून पारखला जायचा, तो आता रिंगणात उभा राहून डोळ्यांनी पारखला जाऊ लागला. डोळ्यांना कानाच्या आतलं दिसत नाही. अमेरिकेच्या मानकात डाल्मेशियनच्या अंगावर पॅच म्हणजे थेट बाद. निळे डोळे मात्र तिथं चालतात, जितके गडद तितकं बरं एवढीच पुस्ती. ब्रिटनचं मानक निळ्या डोळ्यांवर नाराज आहे. दोन देशांतल्या आकड्यांच्या फरकाचं सगळं श्रेय मी या एका ओळीला देणार नाही, पण तिचा काहीच हात नसेल असंही मला वाटत नाही.

रंगाच्या हौसेचा याहून उघड हिशेब ‘मर्ल’मध्ये दिसतो. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींत राखाडीवर काळे फराटे असलेला तो संगमरवरी अंगरंग. मर्लचं एक जनुक आलं तर देखणं कुत्रं. आई आणि बाप दोघंही मर्ल असतील तर चारांतल्या एका पिल्लाला ते दोन्हींकडून येतं. पिल्लू बहुतेक पांढरं, आणि बहिरेपणाचा, अधू डोळ्यांचा धोका मोठा. २००९च्या एका अभ्यासात अशा दुहेरी मर्लपैकी चौथा हिस्सा एका किंवा दोन्ही कानांनी बहिरा निघाला. ब्रिटनच्या केनेल क्लबनं नंतर दोन मर्लच्या पिल्लांची नोंदणीच बंद केली. आपल्याकडं तमिळनाडूच्या राजापालयमचं मानक पांढरंशुभ्र अंग आणि गुलाबी नाक मागतं, आणि त्या जातीत बहिरेपणाची तक्रार आहेच. गुलाबी नाक म्हणजे नाकापर्यंतही रंगपेशी पोचलेल्या नाहीत. याउलट सोलापूर-सांगलीकडच्या माळावरचा कारवानी कुत्रा. त्याला कुणी रंग विचारला नाही, सशामागं किती धावतो ते पाहिलं.

डाल्मेशियनच्या ठिपक्यांवरून एक भांडण तर जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. या जातीत लघवीतून युरिक आम्ल फार जातं. एसएलसी२ए९ हे जनुक बिघडल्यामुळं आम्ल यकृतात शिरत नाही आणि मूत्रपिंडंही ते परत शोषत नाहीत. (माणसातल्या गाऊटशीही याच जनुकाचं नातं आहे.) मग मूतखडे होतात, आणि नराची मूत्रनलिका अरुंद म्हणून अडकतात ते बहुधा नरातच. सगळ्या शुद्ध डाल्मेशियनमध्ये हे जनुक बिघडलेलंच होतं, म्हणजे जातीच्या आत उपाय नव्हता. १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञानं एकदाच, फक्त एकदा, पॉइंटर जातीशी संकर केला आणि पुढं प्रत्येक पिढी परत डाल्मेशियनशीच जोडत नेली. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं त्या वंशातली दोन कुत्री नोंदवली, पण जातीच्या क्लबच्या सभासदांनी विरोध केला आणि दार मिटलं. आक्षेप रक्ताच्या शुद्धतेवर होता, आणि ठिपके तितके सुबक येत नाहीत यावरही. मोठे, स्वच्छ ठिपके निवडता निवडताच हे बिघडलेलं जनुक सगळ्या जातीत पसरलं असावं, असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर आक्षेपाचा विनोद आणखी गडद होतो. दार पुन्हा उघडलं ते २०११ मध्ये. पॉइंटरचा वाटा दर पिढीला निम्मा होतो. बारा पिढ्यांत तो चार हजारांत एक इतकाही उरत नाही.

नानांना मी हे सांगितल्यावर त्यांनी राणीसाठी दर रविवारी यायची ती कलेजी बंद केली. काळीज, गुर्दा अशा मांसातून युरिक आम्ल जास्त तयार होतं. पाण्याच्या आता तीन पाट्या असतात, आणि काळ्या कानाचा डांबऱ्या तंगडी वर करून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला तरी नाना चष्मा लावून बघतात. लघवी अडली तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं, तडक डॉक्टर.

डांबऱ्याला निम्म्यातही कुणी नेलं नाही. परत आलेल्या पिल्लीचं नाव वहिनींनी बुंदी ठेवलं. तिला उठवायचं तर अंगाला हात लावायचा नाही, दचकून चावू शकते; नाकापुढं तळहात धरायचा, वासानं ती आपसूक डोळे उघडते. अंगणात असली की बाहेरचा दिवा दोनदा उघडमीट करायचा. हात वर म्हणजे बस, तळहात आपल्याकडं वळवला म्हणजे ये. साखळीशिवाय रस्त्यावर नाही, कारण मागून येणारी मोटारसायकल तिच्यासाठी नसतेच. दिवाळीत सगळ्या गल्लीतली कुत्री पलंगाखाली असतात तेव्हा ही गच्चीवर बसून आकाशातली रोषणाई बघते.

दारावरची बेल वाजली की डांबऱ्याचे कान ताठ होतात, काळाही आणि ठिपक्यांचाही. बुंदी बेलकडं बघत नाही, त्याच्या कानांकडं बघते. आणि फाटकाशी पोचते मात्र त्याच्या आधी.