जुना पेपर पुन्हा का वाचायचा?

'जुनं काम पुन्हा उकरून काय मिळणार?' संशोधन सुरू करताना हा प्रश्न तुम्हाला पडेलच. तेव्हा मडी वॉटर्स ऐका. १९४१ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्सने मिसिसिपीत त्याचं साध्या गिटारवरचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. पुढे शिकागोत त्याने इलेक्ट्रिक गिटारवर ब्लूजचा बाजच बदलला. १९६४ च्या 'फोक सिंगर' अल्बममध्ये मात्र तो साध्या गिटारकडे परतला, सोबत तरुण बडी गाय. ही नक्कल नाही. मधल्या वीसेक वर्षांची समज त्यात ऐकू येते. दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका. काय टिकलं, काय बदललं, लिहून काढा. मूळ पेपरही असाच वाचायचा. नुसत्या रिव्ह्यूवर भागवलंत, तर तुमचा प्रश्न दुसराच कुणीतरी ठरवतो.