आधी शिवण, मग कात्री

अमेरिकेतील ठिगळकामाच्या रजयांत दोन रंगांच्या दोन त्रिकोणांनी बनलेला चौरस वारंवार आढळतो. त्रिकोण सुटे कापून जोडल्यास त्यांची तिरपी कड उरेब असल्यामुळे ताणली जाते व चौरस वाकडा होतो. म्हणून आधी शिवून मग कापणे श्रेयस्कर.

तयार चौरस ३ इंचांचा हवा असल्यास दोन रंगांचे ३ इंच ७ सुतांचे चौरस घ्यावेत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुलट बाजू समोरासमोर ठेवून कर्ण आखावा, त्याच्या दोन्ही अंगांस पाव इंचावर टीप मारावी व कर्णावर कापावे. दोन चौरस एकदमच मिळतात. माया गडद रंगाकडे वळवून इस्त्री करावी.

मापात हयगय नको : प्रत्येकी सूतभर चूक सोळा चौरसांच्या ओळीत दोन इंचांची होते.