सूर्यफूल : पेरणीआधी फुलोऱ्याचा दिवस मोजा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बंधूंचे दुकान बाजारपेठेत आणि थोडीफार जमीन गावाकडे अशी स्थिती असते. भात निघाल्यावर ही जमीन एकतर मोकळी पडते किंवा ओलीवर तिच्यात वाल-पावटा टाकला जातो. अशा जागेत सूर्यफूल घ्यावे काय, बी टाकल्यापासून फूल यायला किती दिवस लागतात आणि त्यातून चार पैसे सुटतात काय, असे प्रश्न नेहमी विचारले जातात. ज्यांनी एकदा करून पाहिले त्यांची तक्रार वेगळीच असते. फुले थाळीएवढी आली, पण दाणे चोळून पाहिले तर निम्मे पोचट! अशा वेळी दोष बियाण्याला आणि ते विकणाऱ्या दुकानदाराला दिला जातो. बियाणे कधीकधी खराब असतेही. परंतु पुष्कळदा मूळ कारण पेरणीच्या तारखेत आणि फुलोऱ्याच्या आठ-दहा दिवसांत असते.

सूर्यफूल हे मूळचे उत्तर अमेरिकेतील झाड. आपल्याकडे तेलबी म्हणून त्याची लागवड १९६९ साली रशियातून आणलेल्या वाणांपासून सुरू झाली. पुढे लातूर, सोलापूर भागात त्याचा चांगला प्रसार झाला. १९९७ साली कर्नाटकात बागेपल्ली येथे ‘नेक्रोसिस’ हा विषाणूजन्य रोग प्रथम दिसला. फुलकिड्यांमार्फत पसरणाऱ्या या रोगाने अनेक शेतकऱ्यांनी पीक सोडले आणि देशातील क्षेत्र पुढे फार घटले. या रोगाचा विषाणू गाजरगवतावर तग धरून राहतो. म्हणून शेताच्या बांधावरचे गाजरगवत फुलण्याआधी उपटणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय होय.

हे पीक तिन्ही हंगामांत येते असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण सोलापूरला. दिवस लहान की मोठा याची सूर्यफुलाला फारशी फिकीर नसते, त्यामुळे ते वर्षात केव्हाही फुलू शकते. मात्र मुळाशी पाणी साचलेले त्याला चालत नाही आणि फुलात पावसाचे पाणी शिरले तर परागकण धुऊन जातात, कणीस सडते. महाडला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येथे जूनमध्ये सूर्यफूल टाकणे म्हणजे बियाण्याचे पैसे सावित्री नदीत सोडणे होय. आपल्यासाठी हंगाम एकच, भात काढल्यानंतरचा.

आता बियाण्याविषयी. आपण ज्याला बी म्हणतो ते खरे म्हणजे टरफलासह एक छोटे फळ असते. ताज्या दाण्याला सुमारे दीड महिना सुप्तावस्था असते. आज काढलेले बी उद्या पेरले तर ते नीट उगवत नाही. उलट बाजूने, तेलाचा अंश असल्यामुळे हे बी लवकर जुनेही होते. महाडच्या दमट हवेत गोणीत पावसाळा काढलेले बी पुढच्या रब्बीत भरवशाचे राहत नाही. जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेतील तळमजल्यावरच्या मालाचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, पण पूर नसलेल्या वर्षीही ओल आपले काम करीतच असते. म्हणून बियाणे विकणाऱ्या बंधूंनी गरजेपुरताच माल मागवावा आणि पाकिटावरील चाचणीची तारीख व उगवणशक्तीचा आकडा गिऱ्हाइकाला स्वतःहून दाखवावा. सूर्यफुलाची उगवण किमान ७० टक्के असली पाहिजे. शंका असल्यास शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व आठव्या दिवशी मोजावेत. पक्ष्यांच्या खाद्यासाठी मिळणारे दाणे पेरण्याचा मोह अनेकांना होतो. ते उगवतीलही, पण त्यात चार जातींची सरमिसळ असते. सगळी झाडे एका वेळी फुलत नाहीत आणि हिशोब तिथेच चुकतो.

जमीन वाफशावर असताना साधारण दोन फूट अंतराच्या ओळींत, झाडा-झाडांत एक फूट ठेवून, दोन-दोन दाणे टोकावेत. खोली दीड ते दोन इंच, जास्त नको. पेरणीपूर्वी बी काही तास पाण्यात भिजवून सावलीत सुकवले तर उगवण एकसारखी होते. संकरित बियाणे एकरी दोन ते अडीच किलो पुरते. पंधरा दिवसांनी एका जागी एकच झाड ठेवून बाकीची काढावीत. ही विरळणी करताना माणसाचा जीव खालीवर होतो, पण ती टाळली तर दोन्ही झाडे किरटी राहतात.

मुख्य प्रश्न दिवसांचा. आपल्या हवेत बी पाच ते आठ दिवसांत उगवते. तीस-पस्तीस दिवसांनी शेंड्याला चांदणीच्या आकाराची कळी दिसू लागते. ‘मॉर्डेन’सारखी बुटकी, लवकर येणारी जात साधारण ४५ ते ५० दिवसांत फुलते व ८० दिवसांच्या आत निघते. बहुतेक संकरित जाती ५५ ते ६५ दिवसांत फुलतात आणि ९० ते १०० दिवसांत काढणीस येतात. थंडी जास्त असेल तर फुलोरा काही दिवस पुढे जातो. म्हणून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत आणि महाडच्या सखल शेतांत एकाच दिवशी पेरले तरी एकाच दिवशी फुलेल असे धरू नये.

उदाहरण घेऊ. २० नोव्हेंबरला पेरणी केली तर डिसेंबरच्या अखेरीस कळी, जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फूल आणि फेब्रुवारीच्या शेवटी काढणी. हवा कोरडी, ऊन सोसण्यासारखे, विहिरीला अजून पाणी. आता हेच बी १५ फेब्रुवारीला टाकले तर फूल एप्रिलच्या मध्यावर येईल आणि दाणा भरायच्या वेळी मे महिना असेल. त्या दिवसांत पोलादपूर तालुक्यातील कित्येक वाड्यांना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. तेथे सूर्यफुलाला पाणी कोण देणार? शिवाय काढणीला वळवाची भीती. बी तेच, जमीन तीच, मेहनतही तेवढीच. फरक फक्त तारखेचा. कळी धरताना, फुलताना आणि दाणा भरताना अशा तीन वेळा पाणी मिळालेच पाहिजे. एवढे पाणी नसेल तर वाल बरा.

फुलोऱ्याचे दिवस नीट समजून घेतले पाहिजेत, कारण खरा नफा-तोटा तेथेच ठरतो. सूर्यफूल हे एक फूल नसून शेकडो बारीक फुलांचा मेळावा आहे. कडेच्या पिवळ्या पाकळ्या दाणा देत नाहीत. त्या केवळ मधमाशीला बोलावण्यासाठी असतात. आतली बारीक फुले कडेकडून मध्याकडे, रोज काही वर्तुळे याप्रमाणे आठ-दहा दिवस उमलत जातात. प्रत्येक बारीक फूल आधी पराग सोडते आणि नंतर त्याचा स्त्रीकेसर तयार होतो. म्हणजे स्वतःचा पराग स्वतःला उपयोगी पडण्याची शक्यता कमी. दुसऱ्या झाडाचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो. तो वजनाला जड व चिकट असल्याने वाऱ्यावर फारसा जात नाही. हे काम मधमाशीचे. ती आली नाही तर टरफल तयार होते, आत गर नाही. पोचट दाण्याचे कोडे ते एवढेच.

कोवळी कळी दिवसभर सूर्यामागे फिरते, पण फूल पूर्ण उमलले की फिरणे थांबते आणि ते पूर्वेकडे तोंड करून राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवले की पूर्वेकडे तोंड असलेली फुले सकाळी लवकर तापतात व त्यांच्यावर मधमाश्या जास्त येतात. यातून एक गंमतीची गोष्ट निघते. महामार्गालगत शोभेसाठी किंवा फुले विकण्यासाठी सूर्यफूल लावायचे असेल तर ते रस्त्याच्या पश्चिमेच्या बाजूला लावावे. पूर्वेला लावले तर गिऱ्हाइकाला फुलांच्या पाठी दिसतील!

मधमाश्यांच्या बाबतीत आपला भाग नशीबवान आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. तेथील मधाचा धंदा जुना आहे आणि तेथे राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. सातेरी माशीच्या पेट्या सांभाळणारे लोक तेथे आहेत. एकरी दोन पेट्या पुरतात. त्या फुलोरा नुकताच सुरू झाल्यावर आणाव्यात. फार आधी आणल्या तर माश्या दुसऱ्या फुलांकडे जायला शिकतात. वाहतूक रात्री, पेटीचे दार जाळीने बंद करून करावी. सुतारकाम करणाऱ्या बंधूंनी या पेटीकडे धंदा म्हणून पाहण्यासारखे आहे. लाकूड साधे चालते, पण आतील चौकटींमधले अंतर अगदी मापात लागते. ते जास्त झाले तर माशी तेथे वेडेवाकडे पोळे बांधते आणि पेटी निरुपयोगी होते. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये. अगदीच गरज पडली तर संध्याकाळी माश्या परतल्यावर फवारावे.

पेटी नसेल तर हाताने काम करता येते. तळहाताला मऊ मलमल गुंडाळावी आणि सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान एका फुलावरून दुसऱ्यावर हलकेच फिरवावी. एक दिवसाआड, फुलोरा संपेपर्यंत. पाच गुंठ्यांत सुमारे २,८०० झाडे असतात. घरातील दोन माणसे सकाळच्या वेळात एवढे करू शकतात. जोडीला, पिवळ्या पाकळ्या उघडू लागल्या की लिटरला दोन ग्रॅम बोरॅक्स या प्रमाणात एक फवारा द्यावा. आपल्या जांभ्या मातीत बोरॉन कमी असते आणि त्याच्या अभावीही दाणा भरत नाही. बोरॅक्स आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून घ्यावे.

यानंतर येतात पोपट. दाणा दुधात आला की त्यांना कोण निरोप देतो कोण जाणे. गावात एकट्यानेच पाच गुंठे लावले तर सगळे थवे त्याच्याकडेच येतात. शेजारच्या दहा जणांनी एकाच आठवड्यात पेरले तर नुकसान वाटले जाते. चकाकणाऱ्या पट्ट्या दोन-चार दिवस उपयोगी पडतात, मग पोपट त्यांना ओळखतात. सकाळ-संध्याकाळ राखण हाच खरा उपाय. डोंगरकडेला माकडे आणि रानडुकरे आहेतच. राखण करायला माणूस नसेल तर या पिकाच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कणसाची मागची बाजू लिंबासारखी पिवळी पडली आणि कडेची पाने तपकिरी झाली की काढणी करावी. कणसे उन्हात वाळवून काठीने झोडपावीत. दाणा चांगला वाळवल्याशिवाय पोत्यात भरू नये, नाहीतर तेलाला खवट वास येतो.

आता तेलाचा हिशोब. पाणी व राखण चांगली असेल तर एकरी सहा क्विंटल धरू. म्हणजे पाच गुंठ्यांत ७५ किलो दाणा. घाणीवर त्यातून साधारण २२ ते २६ किलो तेल निघेल, शिवाय पेंड. घरच्या वापराला हे पुष्कळ झाले, पण दुकान चालवायला काहीच नाही. देशात विकले जाणारे बहुतेक सूर्यफूल तेल परदेशातून येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटल्यावर त्याचे भाव कसे भडकले ते किराणा व्यापाऱ्यांनी पाहिले आहे. त्या भावाकडे पाहून कोणी शेतात पैसा घालील तर फसेल. पीक हाती येईपर्यंत तीन महिने जातात आणि तोवर भाव कुठल्या कुठे गेलेला असतो. घाणीचे तेल हे ओळखीच्या गिऱ्हाइकाला, शुद्धतेच्या खात्रीवर विकायचा माल आहे.

फुलांचा धंदा त्या मानाने हिशोबी आहे. लग्नाच्या सजावटीसाठी व गुच्छांसाठी एका दांड्यावर एकच फूल येणाऱ्या जाती मिळतात. काहींत पराग नसल्याने कपड्यांवर डाग पडत नाहीत. फूल पाकळ्या नुकत्याच उचलू लागल्या असताना, पहाटे कापावे. येथे तारीख उलटी मोजायची. १५ मार्चला फुले हवी असतील आणि पाकिटावर ६० दिवस लिहिले असेल तर पेरणी १४ जानेवारीला, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी. एकाच दिवशी सगळे न पेरता त्याआधी व नंतर पाच-सहा दिवसांच्या अंतराने आणखी दोन वाफे टाकावेत. थंडीने फुलोरा पुढे-मागे झाला तरी एखादा वाफा नेमक्या दिवशी सापडतो. ईदसाठी फुले करणाऱ्यांनी मात्र गेल्या वर्षीची पेरणीची तारीख जशीच्या तशी वापरू नये. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, तेव्हा पेरणीही तेवढीच अलीकडे आणावी लागते. आगाऊ रक्कम घेताना ‘चंद्रदर्शनानुसार एक दिवस पुढे-मागे’ असे पावतीवर लिहून घ्यावे. कापलेले फूल पाण्यात काही दिवस टिकते, त्यामुळे तेवढा फरक सांभाळता येतो.