रस्त्याकडेची पंधरा एकर सावली



गळीत हंगाम लागला की आपल्या रस्त्यांची काय दशा होते ते आम्ही तुम्हांला सांगायला नको. उसाने लादलेल्या ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या सगळे एकाच डांबरी पट्ट्यावर. रस्ता रुंद व्हावा ही मागणी आपण सर्वांनीच केलेली आहे. पण रुंदीकरण आले की कडेचे वड, चिंचा, कडुलिंब आधी आडवे होतात. मग म्हातारी मंडळी म्हणतात, रस्ता झाला खरा, पण सावली गेली. हाच तिढा गडचिरोली जिल्ह्यात आपल्याहून कितीतरी मोठा आहे. तिथे रस्त्याकडेला नुसती झाडे नाहीत, सबंध जंगलच आहे. म्हणून या अंकात तिकडची हकिगत.

अमेरिकेत 1991 साली एका कायद्याने निसर्गरम्य रस्त्यांना सरकारी दर्जा देण्याची योजना सुरू झाली. रस्त्याचा देखावा, निसर्ग, इतिहास, संस्कृती, पुरातन अवशेष नि विरंगुळ्याच्या जागा असे सहा गुण त्यात पाहतात. आम्हांला त्यातली एक अट फार आवडली. रस्त्याकडेच्या गावांनी आधी एकत्र बसून, रस्त्याचे काय राखायचे नि काय सुधारायचे याचा आराखडा करायचा. त्यानंतरच तो मान मिळायचा. म्हणजे आधी भागभांडवल, मग कारखान्याचा परवाना, असाच प्रकार म्हणा ना!

आपल्या महामार्ग कायद्यात असा दर्जा नाही. मग आपल्या गावांच्या हातात काय आहे?

आलापल्लीहून भामरागडला जाणारा रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना साग, ऐन, बांबू. आलापल्लीचा साग इंग्रजांच्या काळापासून नावाजलेला. याच रस्त्याला सहा हेक्टरांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने पंधरा एकरांचा, एक तुकडा वनखात्याने 1953 पासून न तोडता राखलेला आहे. त्याला ‘आलापल्लीचे वनवैभव’ म्हणतात. 2014 साली राज्य शासनाने त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. महाराष्ट्रातले हे पहिलेच असे स्थळ. त्यापुढे पुण्याचे गणेशखिंड उद्यान, आंबोलीचे हिरण्यकेशी अशी आणखी नावे यादीत आली.

हा दर्जा 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या 37 व्या कलमाखाली मिळतो, आणि तो देताना शासनाने स्थानिक स्वराज्य संस्थांशी विचारविनिमय करावा असे कायदाच म्हणतो. त्याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तुमच्या गावच्या समितीचे अध्यक्ष कोण, हे जरा आठवून पाहा बरे!

पण नुसत्या दर्जाने पोट भरत नाही. पंधरा एकर राखले, आणि बाकीच्या जंगलाचे काय? त्या मुलखातल्या माणसाला रस्ता हवाच आहे. आजाऱ्याला बाजेवर घालून नदीनाले ओलांडत दवाखान्यात न्यावे लागते तिथे आपण शहाण्यांनी “झाडे तोडू नका, देखावा बिघडेल” असा उपदेश करणे बरे दिसत नाही. दुसऱ्या बाजूने एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे लोहखनिज निघू लागल्यापासून जड ट्रकांची रांग लागली, नि आलापल्ली-आष्टी रस्त्याच्या चाळणीच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या. रस्ता कुणासाठी, हा प्रश्न तिथे पुस्तकी नाही.

वनहक्क कायद्यात याचे एक उत्तर आहे, नि ते फारसे कुणी सांगत नाही. 2006 च्या या कायद्याच्या कलम 3 पोटकलम 2 प्रमाणे शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी वनजमीन देता येते. मात्र एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे रस्ताही होतो नि झाडांचा हिशेबही गावाकडे राहतो. खाणीसाठी किंवा मोठ्या महामार्गासाठी हे कलम नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आता ग्रामसभेला हे पेलते का? धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. 1980 नंतर इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध जे ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, त्यातून हे गाव जागे झाले. देवाजी तोफा हे गावचे पुढारी, नि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे बरोबरीचे सोबती होते. गावाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यास गटात बाहेरच्यानेही यावे, बोलावे, माहिती द्यावी. निर्णय मात्र ग्रामसभेत, नि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुन्हा पुढच्या बैठकीला. आपल्या वार्षिक सभेत अहवालाचे पान उलटायच्या आत “मंजूर, मंजूर!” असा गजर होतो, त्या मानाने ही रीत भारीच संथ. पण संथपणाने काय मिळाले ते बघा. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर, म्हणजे साडेचार हजार एकर जंगलावर गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव आहे.

हक्क मिळाला, आणि गाडी अडली रस्त्यावरच. बांबू गावाचा, पण तो वाहून न्यायचा तर वनखात्याचा वाहतूक परवाना हवा, नि तो काही मिळेना. वनखात्याच्या लेखी बांबू हे झाड होते. वास्तविक बांबू आपल्या उसाचाच भाऊबंद, दोघेही गवताच्या कुळातले! ऊस तोडून ठेवावा नि कारखान्याची चिठ्ठी येऊ नये, तेव्हा काय वाटते ते आपण जाणतोच. मेंढ्याने दीड वर्षावर वाट पाहिली, भांडण सोडले नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गावचा माल गावच्या सहीने रस्त्याला लागला. आमच्या मते आलापल्लीच्या पाटीपेक्षा हे पुस्तक मोठे.

कमलापूरचेही थोडक्यात सांगतो. आलापल्ली-सिरोंचा रस्त्याच्या बाजूला हे वनखात्याचे हत्तीकॅम्प आहे. पूर्वी लाकूड ओढायला हत्ती ठेवले, पुढे तेच पाहायला लोक येऊ लागले. हे हत्ती गुजरातेत जामनगरला हलवायची तयारी झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी ठाम विरोध केला. 2022 साली जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणचे हत्ती गेले, कमलापूरचे मात्र राहिले. हत्ती गेले तर आपल्या आडवळणाच्या गावाला कोण येणार, हे त्यांना बरोबर कळत होते.

कुणाला सहलीला जायचे असल्यास एक सूचना. गळीत संपल्यावर मार्च-एप्रिलात गेलात तर साग उघडाबोडका दिसेल, पण पहाटे मोहाच्या फुलांचा सडा वेचणाऱ्या बाया-माणसांची लगबग पाहायला मिळेल. हिरवे जंगल पाहायचे तर दिवाळीच्या सुमारास जावे. भर पावसाळ्यात मुळीच नको. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच्या जुन्या पुलावर पाणी चढते, आणि पाणी उतरेपर्यंत अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे.