‘पाळीची गोळी’: एका गोळीतील दोन औषधे

मीरा रोड किंवा भाईंदर स्थानकाबाहेरील औषधांच्या दुकानात ‘पाळीत पोट दुखतं, गोळी द्या’ एवढेच म्हटले, की बहुधा मेफ्टाल-स्पास अथवा त्याच घटकांची दुसरी एखादी पट्टी पुढे केली जाते. हीच पट्टी पुढे आईकडून मुलीकडे आणि नणंदेकडून भावजयीकडे जाते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा विचार सहसा कोणाच्या मनातही येत नाही. वास्तविक यातील मेफेनॅमिक अॅसिड हे ‘शेड्यूल एच’मधील, म्हणजे चिठ्ठीवरच विकावयाचे औषध आहे.

या गोळीत सामान्यतः २५० मिलिग्रॅम मेफेनॅमिक अॅसिड आणि १० मिलिग्रॅम डायसायक्लोमिन असते. पाळीच्या दिवसांत गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांमुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात व ओटीपोटात कळा येतात. मेफेनॅमिक अॅसिड त्या द्रव्यांची निर्मितीच रोखते. म्हणून ते कळा सुरू होताच घेतल्यास अधिक उपयोगी पडते. डायसायक्लोमिन स्नायूंचा पेटका सैल करते. मात्र त्याचा मुख्य उपयोग आतड्यांच्या पेटक्यांसाठी आहे. कित्येक जणींना पहिल्या घटकानेच पुरेसा आराम पडतो, हे आम्हांस मुद्दाम सांगावेसे वाटते.

पहाटे उठून डबे भरायचे, स्वतः काही न खाता गोळी गिळायची आणि चर्चगेटची गाडी पकडायची, हा अनेकींचा परिपाठ. मेफेनॅमिक अॅसिड रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला इजा होण्याचा संभव असतो. चपातीचा एक तुकडा वा दूध तरी आधी पोटात जावे. डायसायक्लोमिनने तोंडाला कोरड पडते, झापड येते, भोवळ येते, दृष्टी धूसर होते. शिवाय घाम कमी येत असल्याने उकाडा सोसत नाही. खच्चून भरलेल्या डब्यात, भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातील भट्टीपाशी किंवा उत्तनच्या उन्हात मासळी वाळवताना या गोष्टी क्षुल्लक राहत नाहीत. त्या दिवशी पाणी पुरेसे प्यावे. शरीरात पाणी कमी असताना वेदनाशामके मूत्रपिंडांवरही ताण आणतात.

खरी फसगत होते ती नावांमुळे. सकाळी ही गोळी आणि दुपारी डोके दुखते म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतले, तर एकाच जातीची दोन औषधे पोटात जातात. मेफेनॅमिक अॅसिडबरोबर ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड असलेली गोळी तर निराळीच. ती अतिरक्तस्रावासाठी असते, आणि पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या स्त्रीस धोक्याची ठरू शकते. म्हणून पट्टीवरील ठळक नावापेक्षा खालची बारीक अक्षरे वाचावीत. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकाने बळावणारा दमा किंवा काचबिंदू असल्यास, तसेच गरोदरपणाची शंका असल्यास, डॉक्टरांना विचारल्याविना ही गोळी घेऊच नये.

गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मेफेनॅमिक अॅसिडविषयी सावधानतेची सूचना काढली. या औषधाने क्वचित ‘ड्रेस’ नावाची तीव्र अॅलर्जी उद्भवते. ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणे ही तिची लक्षणे. यकृतासारखी अवयवेही त्यात सापडतात. लक्षणे सहसा औषध सुरू केल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे गोळीशी त्यांचा संबंध जोडणे राहून जाते. ही सूचना म्हणजे बंदी नव्हे, आणि ती वाचून घाबरून जाण्याचेही कारण नाही. परंतु अशा वेळी डॉक्टरांना मागील दोन महिन्यांतील प्रत्येक गोळीचे नाव सांगितले पाहिजे. दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कोणालाही करता येते.

साध्या कळांना गोळी दोन-तीन दिवसांपलीकडे लागू नये. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक जोडीला असला तर ती कमीही लागते. मात्र कळा वर्षागणिक वाढत असतील, दर तासाला पॅड भिजत असेल किंवा पाळी चुकून मग एका बाजूला तीव्र दुखत असेल, तर पट्टी बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. यांपैकी शेवटच्या लक्षणात गर्भ नलिकेत राहिल्याची शक्यता असते. तेथे एक दिवसही थांबू नये.